फोक्सवॅगन व्हर्टस जीटी प्लस १.५ मॅन्युअल: गाडी चालवायची आवड असणाऱ्याच्या मनातल्या गाडीच्या किती जवळ?

गाडी घेताना माझी अट एकच होती, पायाखाली तीन पेडल पाहिजेत, म्हणजे क्लचवाली मॅन्युअल. घरच्यांच्या दोन होत्या, डिकी मोठी आणि क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार. २०२३ मध्ये या तिन्ही अटी एकत्र बसवायला गेलं की पर्याय बोटावर मोजण्याइतकेच उरत होते, स्कोडाची स्लाव्हिया १.५, ह्युंदाईची नवी व्हर्ना टर्बो आणि ही व्हर्टस, तिन्ही सेडान. व्हर्टस तशी २०२२ च्या जूनमध्येच आली होती पण तेव्हा १.५ लिटरचं इंजिन फक्त डीएसजी ऑटोमॅटिकबरोबर मिळायचं, मॅन्युअल वर्षभरानं आली. आली आणि घेतली.

तेव्हापासून सोलापूरहून पुणे, विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट, मधनंच हैदराबाद, टॉवेलच्या धंद्याची सगळी पळापळ हिच्यावरच चाललीय. आणि आता सविस्तर लिहावंसं वाटतंय कारण या गाडीबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात एक तर शून्य ते शंभर किती सेकंदात जाते ते असतं नाहीतर मागं बसल्यावर गुडघ्याला जागा किती राहते ते. पण ज्याला गाडी चालवणं हेच आवडतं, म्हणजे रविवारी सकाळी काही काम नसताना जो नळदुर्गपर्यंत जाऊन चहा पिऊन परत येतो, अशा माणसाला ही गाडी कशी वाटेल हे कोणी लिहितच नाही.

अशा प्रत्येक माणसाच्या डोक्यात स्वतःची एक गाडी तयार असते बघा. माझ्याही आहे. लांबी चार मीटरच्या आत, वजन हजार किलोच्या आसपास, इंजिन लई मोठं नको पण वरपर्यंत आनंदानं फिरणारं, सहा गिअर, तेही हातानं टाकायचे, सीट खाली बसलेली, काचा मोठ्या, एसीला गोल फिरवायची बटणं, टायरला भरपूर रबर, आणि स्टिअरिंग असं की पुढच्या चाकाखाली काय चाललंय ते हाताला कळलं पाहिजे. दोनशेचा स्पीड मला नकोच आहे, चालवणार कुठं? मला ४० ते ९० च्या मध्ये मजा देणारी गाडी पाहिजे, कारण आपण आयुष्यभर गाडी चालवतो ती त्याच स्पीडला. तर त्या डोक्यातल्या गाडीशी ताडून मी व्हर्टसबद्दल सांगतोय.

इंजिनापासून सुरू करतो कारण पैसे खरे तिथंच वसूल होतात. १४९८ सीसी, चार सिलिंडर, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), १५० पीएस ताकद आणि २५० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ. यातला दीडशेचा आकडा विसरा, महत्त्वाचं हे आहे की ते २५० एनएम १६०० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन मिनिटाला १६०० फेरे मारत असतानाच मिळतात आणि ३५०० पर्यंत तसेच राहतात. याचा अर्थ काय ते सोलापूरकराला दिवाळीनंतर कळतं. कारखाने सुरू झाले की जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंनी लोंबत असतो, मागं लाल लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तरी चिखलानं झाकलेला, आणि टेपवर गाणी फुल्ल आवाजात, त्यामुळं हॉर्न ऐकू जाणार नाही. मोहोळकडनं पंढरपूरला जाताना किंवा मंगळवेढ्याच्या बाजूला अशा दोन-तीन जोड्या ओळीनं लागल्या की ओव्हरटेक करायला मिळते ती एवढीशी जागा. तिथं तिसऱ्या गिअरमध्ये, काटा दोन हजारांच्या थोडा वर, समोरचा रस्ता पूर्ण मोकळा दिसला की पाय दाबायचा, आणि गाडी नुसती निघते. आरडाओरडा नाही, गिअर खाली टाकायची धावपळ नाही, उजव्या बाजूला तुम्ही कमीत कमी वेळ राहता. ही माझ्या दृष्टीनं या गाडीची सगळ्यात मोठी सेफ्टी आहे, एअरबॅगच्या आधीची.

पुण्याच्या रस्त्यावर याच इंजिनाचं दुसरं रूप दिसतं. टेंभुर्णी ते इंदापूर सपाट रस्त्यावर सहाव्या गिअरमध्ये पाय हलका ठेवला की चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, समोर मीटरमध्ये तसं लिहून येतं, आणि ते लिहून आलं नसतं तर मला कळलंही नसतं इतकं ते गुपचूप होतं. चढ लागला किंवा पाय जरा दाबला की चारही चालू. मला सुरुवातीला वाटायचं हे नुसतं कागदावरचं मायलेज वाढवायला असेल, पण लांबच्या पल्ल्याला उजवा पाय शांत ठेवायची एक छान सवय लागते यानं, दोन सिलिंडरवर जास्तीत जास्त अंतर काढायचं हाच एक खेळ होऊन बसतो.

मायलेजचं इथंच उरकून टाकतो. हायवेला शांत चालवली तर चांगलं देते, गावात आणि मजेत चालवली तर कमी देते. पंपावर आता ई२० पेट्रोल आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशानं कमी असते त्यामुळं थोडा फरक पडणारच, कुठलीही गाडी घ्या. आपल्याच जिल्ह्यातला ऊस त्यात जातो हेही खरं.

आता गिअरबॉक्स. सहा गिअर, प्रत्येक गिअर कुठं आहे ते हाताला बरोबर सापडतं, दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना मनगट सरळ पुढं जातं आणि मधल्या जागेत कधी हरवत नाही. जुन्या होंडा सिटीचा, ती २००० च्या आसपासची व्हीटेक, तिचा गिअर ज्यानं टाकलाय त्याला याहून हलका आणि छोटा थ्रो, म्हणजे गिअर टाकताना हाताला कापावं लागणारं अंतर, माहीत असेल, एका मित्राकडं ती अजून आहे आणि तिचे दोन बोटांत पडणारे गिअर मला आजही हवेहवेसे वाटतात. व्हर्टसचा त्या मानानं भरीव आहे, जरा ठरवून टाकावा लागतो. मला आवडतो. क्लचचा प्रवास मात्र लांब आहे, सात रस्ता चौकात संध्याकाळी अडकलात तर डाव्या गुडघ्याला कळतंच. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या पेडलमधलं अंतर मात्र मस्त जमलंय, माझा पाय नऊ नंबरचा आहे, ब्रेक दाबलेला असतानाच पायाची उजवी कड ॲक्सिलरेटरला टेकवून गिअर खाली टाकता येतो. तुळजापूरच्या घाटात उतरताना हे जमलं ना की गाडीला धक्का बसत नाही, गिअर खाली पडतो आणि मागं बसलेल्या आईला कळतही नाही, ती आपली देवीचं नाव घेत बसलेली असते.

घाटाचा विषय निघालाच आहे तर स्टिअरिंग. इथं माझ्या मनातली गाडी आणि ही गाडी जरा लांब लांब जातात. व्हर्टसचं स्टिअरिंग वाईट नाही, सरळ जाते, अचूक वळते, वेग वाढला की जड होतं. पण ते इलेक्ट्रिक आहे, आणि इलेक्ट्रिक मोटर मधे आली की रस्ता हातापर्यंत पोचता पोचता गाळून येतो. फियाटच्या पुंटोत हायड्रॉलिक होतं, त्यात इंजिनवर फिरणारा पंप तेलाच्या दाबानं मदत करायचा, आणि ते चालवताना काठीनं जमीन चाचपत चालावं तसं पुढचा रस्ता हाताला कळायचा, कुठं खडी आहे, कुठं ओलं आहे, पुढचं चाक कुठं सुटायला लागलंय, सगळं. रांजणगावला बनणारी ती अबार्थ पुंटो, २०१५ ची, १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क, आपल्याकडं दहा लाखांच्या आत इतकी मन लावून बनवलेली गाडी त्या काळात दुसरी नव्हती आणि खपली मात्र अगदी कमी. हायड्रॉलिक गेलं त्याचं कारणही समजण्यासारखं आहे, तो पंप गाडी सरळ चालली असली तरी इंजिनची थोडी ताकद खातच राहतो, इलेक्ट्रिक मोटर वळवतानाच खाते, म्हणून पेट्रोल वाचतं. समजतं सगळं, तरी वाईट वाटतं.

आता वजन, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. व्हर्टस बाराशे किलोच्या वर आहे. लांबी ४५६१ मिलिमीटर, म्हणजे साडेचार मीटरच्या पुढं. यातला बराचसा भाग कशासाठी आहे ते मला मान्य आहे, २०२३ मध्ये गाड्यांच्या क्रॅश टेस्ट घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं हिला मोठ्यांसाठी आणि लहानांसाठी दोन्हीकडं पाच स्टार दिले, ते लोखंड फुकट नाही बसवलेलं. आणि ५२१ लिटरची डिकी, त्यात सॅम्पलचे गठ्ठे झोपवून बसतात. पण मजा ही वजनाच्या उलट्या बाजूला असते राव. हलकी गाडी ब्रेकला लवकर थांबते, वळणात टायरवर कमी ताण देते, लहान इंजिनानं पळते, कमी पेट्रोल खाते, एक गोष्ट हलकी केली की पुढच्या चार आपोआप लहान करता येतात. माझदाची एमएक्स-५ म्हणूनच १९८९ पासून आजपर्यंत टिकली, सुरुवातीला १.६ चं साधं इंजिन, हजार किलोच्या आत वजन, दोन सीट, बास. दहा लाखावी गाडी २०१६ मध्ये बाहेर पडली. गाड्यांचे डिझायनर गॉर्डन मरेंनी १९९२ मध्ये मॅक्लारेन एफ-१ काढली तेव्हा ड्रायव्हरला मधोमध बसवलं, आणि आता एवढ्या वर्षांनी टी-५० बनवली तिचं वजन ९८६ किलो ठेवलं, आजच्या काळात! करोडोंच्या गाडीतसुद्धा तो माणूस किलो किलो मोजतोय.

आपल्याला तेवढं नको. आपल्यासाठी उत्तर तयार होतं, सुझुकीची परदेशातली स्विफ्ट स्पोर्ट, २०१७ ची, १.४ टर्बो, १४० पीएस, सहा गिअर मॅन्युअल, जपानी गाडीचं वजन ९७० किलो. वाचतानाच अंगावर काटा येतो. भारतात आलीच नाही. आणि का आली नाही याचं माझ्या मते एक मोठं कारण आपल्या टॅक्समध्ये आहे, चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी १२०० सीसीपर्यंत असेल तरच ती छोटी गाडी धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला १८ टक्के जीएसटी आणि बाकी पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. म्हणजे १.४ चं इंजिन छोट्या गाडीत घातलं की ती टॅक्सच्या दृष्टीनं एकदम मोठी होते. मग कंपनी म्हणणार की ४० टक्केच भरायचा तर मोठी गाडी देऊ, निदान गिऱ्हाइकाला दिसायला तरी मोठी दिसेल. त्यामुळंच चांगलं इंजिन पाहिजे म्हटलं की साडेचार मीटरची गाडी गळ्यात पडते आणि छोटी गाडी पाहिजे म्हटलं की इंजिनावर तडजोड करावी लागते.

तरी १२०० च्या आत सुद्धा जमतं, हे फोक्सवॅगनच्याच पोलोनं दाखवलंय. जीटी टीएसआय, २०१३ ची, ११९७ सीसी, चार सिलिंडर, १०५ पीएस. फक्त तिला मॅन्युअल दिला नव्हता. २०२० मध्ये १.० टीएसआय ११० पीएसची मॅन्युअलमध्ये आली आणि २०२२ मध्ये पोलोच बंद झाली. आज ह्युंदाईची आय२० एन लाइन आहे, १२० पीएस, तिला २०२३ मध्ये सहा गिअरचा नीट मॅन्युअल मिळाला, आणि टाटानं २०२४ मध्ये अल्ट्रोझ रेसर काढली, तीही १२० पीएस आणि सहा गिअर. दोन्ही चालवून बघितल्यात, घरात मोठी डिकी लागत नसेल तर या दोन आधी बघा असं मी सांगेन, गल्लीबोळातनं जायला त्या जास्त गोड आहेत.

गल्लीबोळ म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. सोलापुरात नवी पेठेत किंवा बाळीवेशीत ही लांबलचक सेडान घालायची म्हणजे जरा धाकधूकच, पुढचं टोक दिसत नाही, बाजूनं टमटम, समोरनं दुचाकीवर तिघं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत तर मी गाडी लांबच लावतो आणि चालत जातो. सीट वरखाली होते त्यामुळं माझ्यासारख्या मध्यम उंचीच्याला जुळवून घेता येतं, पण मागची काच बारीक आणि पिलर, म्हणजे छताचे खांब, जाड. हे फक्त हिचं नाही, आजकाल सगळ्याच गाड्यांचं आहे.

एसीचे कंट्रोल टच आहेत. मला हे अजिबात पटत नाही. गोल बटण असलं की रस्त्यावरची नजर न काढता हात जातो, क्लिक क्लिक मोजून पंखा वाढवता येतो, टचला बघावंच लागतं. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो, दुपारी होटगी रोडला उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीत बसलं की गिअर नॉबला तळहात लावणं होत नाही, तेव्हा पहिलं काम एसीचंच असतं. एसी स्वतः बाकी जोरदार आहे, सीटमधनं येणारी हवा तर वरदान आहे, पाठ चिकटत नाही. पहिल्यांदा मला ते श्रीमंती चाळे वाटले होते, आता मनातल्या गाडीच्या यादीत पण ते लिहून टाकलंय!

सस्पेन्शनला मी भरभरून मार्क देईन. १७९ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स सेडानला म्हणजे भरपूर, आणि २०५/५५ आर १६ टायर, मोठ्या रिमच्या नादात रबर कमी केलेलं नाही. हे लोकांना फोटोत आवडत नाही, बरेच जण गाडी घेतल्या घेतल्या १७ इंची रिम टाकतात, कृपा करून टाकू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ट्रकनं उखडलेले रस्ते आहेत, तिथं टायरची ही जाड बाजूच रिमला वाचवते, आणि वळणात सुद्धा उंच साइडवॉलचा टायर सुटायच्या आधी जरा सांगून सुटतो, बारीक साइडवॉलचा एकदम सुटतो. कमी स्पीडला, म्हणजे २०-३० ला, खड्डे अंगाला जाणवतात. पण ८० ला गाडी रस्त्याला जी धरून बसते ना, विजापूर रोडला भीमेच्या पुलाकडं जाताना आडवा वारा असला तरी रेषा सोडत नाही.

ब्रेक पुढं डिस्क आणि मागं ड्रम. थांबते व्यवस्थित, पेडलचा दाब पण छान कळतो, पण १५० पीएसच्या गाडीला मागं डिस्क पाहिजेच होत्या, जेव्हा अबार्थला दहा लाखांत मिळत होत्या.

आमच्या मिस्त्रींना गाडी दाखवली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडून एक मिनिट बघितलं आणि म्हणाले, "मालक, इंजिन झ्याक आहे, पण उगं लवकर लवकर बंद करू नका, लांबनं आलात तर मिनिटभर चालू ठेवा." टर्बोला तेल मिळत राहावं म्हणून. जुनी शिकवण आहे, नव्या गाड्यांत यासाठी वेगळी सोय असते, तरी पुण्याहून एका दमात आलो की शेवटचे दोन किलोमीटर, बाळे गावापासून पुढं, मी हळूच चालवतो, त्यानं टर्बो पण थंड होतो आणि मी पण.

घ्यायची का? घरची एकच गाडी असणार असेल, लांबचा प्रवास नेहमीचा असेल आणि क्लच दाबायचा कंटाळा नसेल तर डोळे झाकून घ्या, सेकंडहँडमध्ये मॅन्युअल जीटी प्लस दिसली तर आधी जाऊन बघा कारण लोक ऑटोमॅटिक जास्त घेतात, मॅन्युअल कमी दिसतात. माझ्या मनातल्या गाडीच्या दहा गोष्टींपैकी इंजिन, गिअर, पेडल, टायर, बसणं या हिला मिळतात, वजन, स्टिअरिंग, आकार, काचा आणि ती बटणं मिळत नाहीत.

आणि टेस्ट ड्राइव्ह नीट घ्या. एका दुसऱ्या कंपनीच्या शोरूमला मी मॅन्युअलच पाहिजे म्हणून गेलो तर "सर सेमच आहे" म्हणून ऑटोमॅटिक फिरवायला दिली, तेही एका चौकातनं दुसऱ्या चौकापर्यंत. असं चालणार नाही म्हणून सांगा. तुम्हाला घ्यायचीय तीच गाडी, तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स मागा, सकाळी लवकरची वेळ घ्या, तुळजापूर रोडला काढा, आणि जोरात पळवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ५० ला चालवा, खिडकी खाली, म्युझिक बंद, सेल्समनला विनंती करा की दहा मिनिटं काही बोलू नका साहेब. एक-दोन वळणं, एखादा स्पीडब्रेकर, एक ओव्हरटेक एवढं मिळालं तरी पुरे. त्या ५० च्या स्पीडला तुम्हाला अजून पुढं जावंसं वाटलं तर बुकिंग करा, नाही वाटलं तर कितीही डिस्काउंट दिला तरी परत या.